तीन वाक्यांचा पाववाला

मी मोठी झाले ती सेहेचाळिसाव्या वर्षी. त्याआधी नुसतं वय वाढत होतं. माझी नात म्हणते, नानी, तुझं लहानपण लिही. लहानपणात लिहिण्यासारखं काय आहे? गावात उर्दू शाळा लांब होती म्हणून मराठी शाळेत चौथीपर्यंत गेले, मग पाणी भरायला गेले, मग सासरी गेले. तीन ओळींत संपलं. त्यापेक्षा मी दोह्यातली ती दोन वर्षं लिहिते, कारण माझ्या मते माणूस शिकायला लागतो तेव्हा त्याचं लहानपण सुरू होतं, आणि मी तिथे शिकायला लागले. कुणाला पटलं नाही तर त्याने आपलं लहानपण आपण लिहावं.

दोह्याच्या फरीज बिन ओमरान वस्तीत आमचं घर पहिल्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि मधे बोळकांडीसारखा पॅसेज. खिडकीतला एसी दिवसरात्र खडखडायचा आणि कधी बंद पडला तर शांततेनेच झोपमोड व्हायची. खाली खुबूसची, म्हणजे तिकडच्या रोटीची, भट्टी होती. तिथला पठाण कणकेचे गोळे भट्टीत थापायचा तो आवाज पहाटेपासून वर यायचा आणि त्या वासाने दिवसातून चार वेळा उगाच भूक लागायची. तो पठाण बोलका. दोन खुबूस घ्यायला खाली गेले की मुलगी किती शिकली, गुडघा कसा आहे, आज कोणता मासा, सगळं विचारून घ्यायचा, आणि मागचे लोक खोळंबायचे. आमचे हे, म्हणजे रेहानाचे बाबा, इंडस्ट्रियल एरियात एका गॅरेजच्या स्टोअरमध्ये होते. पहाटे कंपनीची बस, संध्याकाळी कंपनीची बस. दिवसभर पार्टचे नंबर वाचायचे, त्यामुळे इंग्रजी त्यांना झरझर वाचता यायचं. बोलणं मात्र घरी आल्यावर तीन वाक्यांत आटपायचं. "चहा टाक." "बघू." आणि "खलास." पहिलं आल्यावर, दुसरं मी काही मागितलं की, तिसरं मी पुन्हा मागितलं की.

तो कॉम्प्युटर त्यांच्याच ऑफिसातून आला. ऑफिसात नवे आले होते, जुने टाकून देणार होते, तर एक यांनी बसमध्ये मांडीवर घेऊन आणला. मागून एवढा जाड की पॅसेजमधून जाताना मला पोट आत घ्यावं लागायचं. फोनचा सॉकेट तिथेच होता म्हणून तो तिथेच बसला, माझ्या शेगडीपासून पाच पावलांवर. रेहाना तेव्हा बारावीला होती, आमची एकुलती एक. ती इंटरनेट लावायची तेव्हा आधी किर्र व्हायचं, मग मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं, मग बेडकांची सभा भरायची, आणि एकदम शांत. तेवढा वेळ फोन बंद. कुणी रिसीव्हर उचलला की नेट तुटायचं आणि रेहाना किंचाळायची.

मी भाकऱ्या थापताना बघायची तर ही काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरं वाचतेय आणि स्वतःशीच हसतेय.

"काय वाचतेस गो एवढं?"

"वाचत नाही, अम्मी. खेळते."

"खेळ कुठे आहे? नुसती अक्षरं दिसतात."

"अक्षरांचाच खेळ आहे. बघ, इथे लिहिलंय, तुम्ही गावाच्या विहिरीपाशी उभे आहात. उत्तरेला बाजार आहे. पूर्वेला जंगल. आता मी उत्तर लिहिलं की मी बाजारात जाणार."

"आणि चित्र?"

"चित्र आपलं आपण काढायचं. डोक्यात."

मी म्हटलं, फुकटचं काम तुझ्याकडून करून घेतात. पण भाकरी तव्यावर टाकून मी विचारलंच, "मग बाजारात काय आहे?"

ते विचारलं आणि मी गेले. रेहाना सांगायची, हा प्रकार विलायतेतल्या एका कॉलेजच्या पोरांनी ती जन्मायच्या आधीच काढला होता. मग जगभरच्या कॉलेजांतल्या पोरांनी आपापली गावं लिहिली, जंगलं लिहिली, राक्षस लिहिले, आणि लोक घरबसल्या तिथे यायला लागले. आमच्या गावात एका वेळी चाळीस-पन्नास माणसं असायची. कुणी अमेरिकेतला, कुणी कुठला, सगळे अक्षरांनीच बोलणार. तलवारी घेऊन राक्षस मारायचे आणि मोठं व्हायचं, असा एकूण कार्यक्रम. आता माझ्या नातीच्या खेळात घोड्याच्या अंगावरचा केस न् केस दिसतो. तिला तो घोडा दोन दिवसांत जुना होतो. आमचा घोडा कुणी पाहिलाच नव्हता, त्यामुळे तो कधी म्हातारा झाला नाही.

रेहानाने खेळात नाव घेतलं होतं सुरमई. मी म्हटलं, पोरी राजकन्येची नावं घेतात, तू माशाचं घेतलंस. माझ्यासाठी तिने एक बाई काढली, तिचं नाव अम्मी. मी शेगडीपाशी उभी राहून सांगायची, ती टाइप करायची. मला राक्षसांत रस नव्हता. मला दिसलं की नवीन येणारी माणसं विहिरीपाशी उभी राहतात आणि थोड्या वेळाने त्यांच्याखाली ओळ येते की अमक्याला भूक लागली आहे. म्हणजे खेळ लिहिणाऱ्यांनी भूक लिहिली होती, पण वाढायला कुणी लिहिलं नव्हतं. मी रेहानाला म्हटलं, पाव घे आणि दे त्यांना. रोज तेच. नवीन माणूस आला की, "जेवलास का?" आणि हातात पाव. लोक आधी बिचकले. मग जगभरातून मला अम्मी म्हणायला लागले. त्यांना वाटायचं ते माझं नाव आहे.

पाव बाजारातल्या पाववाल्याकडून घ्यायचा. मी दर वेळी रेहानाला सांगायची, आधी सलाम लिही, बरं आहे ना विचार. तो म्हणायचा, "ताजा पाव आहे." मग "एका पावाला एक नाणं." मग "पुन्हा या." पंधरा दिवस मी त्याला सलाम करतेय, त्याच्या पोराबाळांची चौकशी करतेय, आणि हा तीन वाक्यांच्या पुढे जाईना. मी एक दिवस चिडले. म्हटलं, लिही त्याला, खालचा पठाण तुझ्यापेक्षा शंभर पटीने बरा, आईबापांनी काही शिकवलं नाही का तुला?

रेहाना टेबलावर डोकं ठेवून हसायला लागली. "अम्मी, तो माणूस नाही. विहिरीपाशी येतात ते माणसं आहेत. पाववाला लिहून ठेवलेला आहे. त्याला काहीही विचार, तो तेच बोलणार."

"काहीही?"

"विचारून बघ. वेड्यासारखं काहीतरी विचार."

मी म्हटलं, विचार, तुझ्या दुकानात उंट आहे का? तो म्हणाला, ताजा पाव आहे.

तेवढ्यात दार वाजलं आणि आमचे हे आले. चपला काढल्या, म्हणाले, "चहा टाक." रेहानाने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. पुढचा पाऊण तास आम्हा दोघींना चहा नीट गाळता आला नाही. त्या दिवसापासून घरात त्यांचं नाव पाववाला. त्यांना माहीत नव्हतं, असं मी समजत होते.

बारावीनंतर रेहानाला पुण्याला कॉम्प्युटर शिकायला जायचं होतं. दोह्यातल्याच अल नस्रमधून एक स्थळ आलं होतं, मुलगा ट्रेडिंग कंपनीत क्लार्क. माणसं वाईट नव्हती, त्यामुळे नाही म्हणायला कारण सापडत नव्हतं. महिनाभर घरात "बघू" चाललं. शेवटी तिच्या बाबांनी हो म्हटलं, पण अट घातली. "एकदा नापास झाली की परत. मग ते स्थळ. खलास." रेहाना म्हणाली, मंजूर. अठराव्या वर्षी माणूस काहीही मंजूर करतं.

आता प्रश्न बोलायचा. हॉस्टेलवर फोन एक, तो वॉर्डनच्या टेबलावर, मागे पोरींची रांग. तिथे कोण मनातलं बोलणार? रेहाना म्हणाली, अम्मी, तू विहिरीपाशी ये. दर शुक्रवारी, बाबा जुम्म्याची नमाज पढून जेवून झोपले की. मी इथे सायबर कॅफेत बसेन. मी म्हटलं, मला इंग्रजी अक्षर येत नाही. तर ती औषधाच्या डब्यातली चिकटपट्टी घेऊन बसली. एकेका बटणाएवढा तुकडा कापला, त्यावर पेनाने मराठी अक्षर लिहिलं आणि बटणावर चिकटवलं. 'के'च्या बटणावर क, 'एम'च्या बटणावर म. काना द्यायला अ. "बोलतेस तसं दाबत जा, मी समजून घेईन." वाचायला एक वही करून दिली, डावीकडे त्यांची अक्षरं, उजवीकडे आपली. खेळाचे वीसेक शब्द पाठ करून घेतले. उत्तर, दक्षिण, बघ, दे, मागे चल, कोण कोण आहे. जाण्याआधी महिनाभर ती माझी मास्तरीण होती आणि अशी वाईट मास्तरीण मी चौथीपर्यंतसुद्धा पाहिली नव्हती. हळद लागून पट्ट्या पिवळ्या झाल्या, पण सुटल्या नाहीत.

पहिले काही महिने छान गेले. शुक्रवारी हमूर माशाचं कालवण आणि भात व्हायचा, जेवणं झाली की हे आत जाऊन घोरायला लागायचे, मी बेडकांची सभा भरवायची आणि विहिरीपाशी जायची. सुरमई तिथे उभी असायची. एक ओळ लिहायला मला इतका वेळ लागायचा की ती मधे चहा पिऊन यायची. आम्ही त्यांच्या अक्षरांत आमचं बोलायचो. बाकीच्यांना वाटायचं आम्ही मंत्र टाकतोय. एकाने तो मंत्र शिकवा म्हणून मागे लागून विचारलं. आम्ही सुक्या बोंबलाविषयी बोलत होतो.

लांडगा नावाचा एक होता. पहिल्या दिवशी उपाशी मरायला टेकलेला, तेव्हा मी पाव दिला होता. आता तो मोठा लढवय्या झाला होता, पण माझ्याशी बोलताना सोपे, छोटे शब्द वापरायचा. बऱ्याच वर्षांनी रेहानाकडून कळलं की लांडगा म्हणजे फिनलंडमधली एक शाळामास्तरीण होती, माझ्याच वयाची.

मग एका शुक्रवारी सुरमई विहिरीपाशी आली नाही. पुढच्याही नाही. संध्याकाळी तिच्या बाबांचा हॉस्टेलला फोन व्हायचा, त्यात ती म्हणायची, "मी ठीक आहे. जेवले. अभ्यास चालू आहे." मी रिसीव्हर घेतला, विहिरीपाशी का आली नाहीस ते यांच्यासमोर विचारता येईना, म्हणून विचारलं, तब्येत? "ठीक आहे." मैत्रिणी? "ठीक आहेत. अभ्यास चालू आहे." तिसऱ्या शुक्रवारीही तेच, त्याच क्रमाने. रिसीव्हर कानाला धरून मला पाववाला आठवला. मी म्हटलं, "रेहाना, पुण्यात उंट दिसतात का गो?"

ती म्हणाली, "हो. ठीक आहे."

मी फोन ठेवला. हे म्हणाले, "काय म्हणाली?" मी म्हटलं, ठीक आहे म्हणाली. बापाला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तिकीट काढून परत आणलं असतं, आणि अल नस्रवाले अजून थांबलेले होते. न सांगावं तर पोरगी तिथे एकटी, माणूस असून लिहून ठेवल्यासारखी बोलतेय. आठवडाभर माझ्या हातचं मीठ कमीजास्त होत होतं. पुढच्या शुक्रवारी हे झोपल्याबरोबर मी बसले. विहिरीपाशी कुणी नाही. मी 'कोण कोण आहे' हा शब्द टाकला. नावांची यादी आली. वहीत बघत बघत एकेक नाव लावलं. आठवं नाव सुरमई.

म्हणजे ती आली होती. रोज येत असेल. फक्त माझ्यासमोर येत नव्हती.

यादीत लांडगाही होता. त्याला हाक मारली. माझ्या वीस शब्दांत जेवढं जमलं तेवढं लिहिलं, "माय गर्ल. सुरमई. व्हेअर?" मग त्याने सांगितलं त्यातले दोन शब्द मला कळले. दीपगृह आणि एकटी. दीपगृह जंगलापलीकडे, दलदलीच्या टोकाला. तिथे कुणी जात नसे, कारण मारायला काही नव्हतं आणि वाटेत मरायला बरंच होतं. माझी अम्मी तर खेळातली सगळ्यात अशक्त बाई. तिने जन्मात उंदीर मारला नव्हता. लांडगा म्हणाला, मागे ये. मी 'मागे चल' हा शब्द टाकला, की आपोआप त्याच्या मागे. बायकोला त्याची सवय असतेच. जंगलातून गेलो, वाटेत त्याने साप मारला, दलदलीत शिरलो, आणि तिथे लांडग्याची लाइन तुटली. तो दगडासारखा उभा राहिला. हाक मारली, उत्तर नाही.

मी 'बघ' लिहिलं. पश्चिमेला उजेड दिसतो, असं आलं. तो शब्द मला येत होता. त्याखाली आणखी दोन ओळी आल्या, दलदलीत काहीतरी हलतंय अशा. ते काय होतं हे लावायला मला दहा मिनिटं लागली असती, म्हणून मी वाचलंच नाही. कमी शिकल्याचा तेवढा एक फायदा. पश्चिम, पश्चिम, पश्चिम, पश्चिम, बटण दाबत राहिले. आणि एकदम दीपगृह. खाली ओळ, सुरमई इथे आहे.

मी लिहिलं, "जेवलीस का?"

मग आलं, "तू इथे कशी आलीस?"

"चालत."

"एकटी?"

"लांडगा होता अर्ध्या वाटेपर्यंत. तुला काय झालंय?"

आता अक्षरं भराभर यायला लागली आणि मी वही घेऊन एकेक लावत होते. अम्मी मी गणितात. तेवढं लागलं. पुढचं लावायच्या आत मागून अत्तराचा वास आला. शुक्रवारचा. हे उठले होते.

"फोन सोड," म्हणाले. "आज लवकर लावतो."

माझ्या हातात फडकं होतं ते मी पडद्यावर टाकलं. उशीर झाला होता. मला जे लावायला पाव तास लागला असता ते पार्टचे नंबर वाचणाऱ्या माणसाने एका दमात वाचलं होतं. त्यांनी फडकं बाजूला केलं आणि पुन्हा वाचलं. मग मला वाचून दाखवलं, सपाट आवाजात, स्टोअरमधल्या यादीसारखं. "अम्मी मी गणितात नापास झाले. तीन आठवडे कॉलेजला गेले नाही. इथे येऊन बसते. मला घरी यायचंय. बाबांना सांगू नकोस."

एसी खडखडत होता. खाली पठाण खुबूस थापत होता. मी खुर्चीत बसून खलासची वाट बघत होते. अल नस्रवाल्यांना पहिल्या दिवशी काय वाढायचं इथपर्यंत माझा विचार पोचला होता.

"तिला विचार," हे म्हणाले, "परत परीक्षा कधी आहे."

मी वळून त्यांच्याकडे बघितलं. सव्वीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी ऐकलं नव्हतं.

"काय म्हणालात?"

"ऐकू आलं ना. विचार. आणि सांग, तिचा बाप मॅट्रिकला तीनदा बसला होता."

"तुम्ही? तुम्ही तर पहिल्या झटक्यात पास झाला होता."

"ते तुझ्या बापाला सांगितलं होतं. लग्न जमवायचं होतं."

मी सगळं लिहिलं. मॅट्रिकचं जरा सविस्तर लिहिलं. पलीकडून उत्तर आलं, दोन महिन्यांनी परीक्षा आहे, आणि बाबा तिथे आहेत का? मी लिहिलं, पाववाला बोलला. हे माझ्या खांद्यावरून वाचतच होते. म्हणाले, "पाववाला मीच ना? वर्षभर ऐकतोय." मग माझ्याकडून मी शेवटची एक ओळ लिहिली, कारण ती अजून रडतेय असा मला संशय होता. "घरी येऊ नकोस. खुर्चीत आता मी बसते. तुला जागा नाही."

ती दोन महिन्यांनी पास झाली. काठावर. आता हैदराबादला मोठ्या कंपनीत आहे आणि हाताखालच्या लोकांना गणित समजावते म्हणे. त्यांची मला काळजी वाटते.

आम्ही दोघं गावी परत आलो त्यालाही बरीच वर्षं झाली. रेहानाचा रोज फोन येतो, पडद्यावर तोंड दिसतं. अक्षरं लावायला लागत नाहीत, म्हणून मी बोलायला आळशी झालेय. बरी आहेस? ठीक आहे. गोळ्या घेतल्यास? घेतल्या. जेवलीस? जेवले. परवा गुडघ्याने फार छळलं होतं आणि सांगायचा कंटाळा आला होता, म्हणून मी तेवढंच बोलून फोन ठेवणार होते. तर ती पडद्याजवळ तोंड आणून म्हणाली, "अम्मी, गावात उंट दिसतात का?"

मी म्हटलं, "दिसतो. एकच आहे. ओट्यावर पेपर वाचत बसलाय आणि गेल्या अर्ध्या तासात दोनदा चहा टाक म्हणाला. थांब, गुडघ्याचं सांगते."